प्रेमराज शुद्ध बोलायला लागला

धुळे,
१२ जून २०२५

ती. अक्कास,
लीलाधरचा नमस्कार.

काल मी फोन केला तर तू पहिलाच प्रश्न टाकलास, "तू लीलाधर कशावरून? आपल्या लहानपणच्या बैलाचं नाव सांग." अगं, मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा, शेजारी अशील खोळंबलेला, आणि मी बैल आठवतोय! आठवला नाही. तू फोन ठेवून दिलास. परत लावला तर उचललाच नाहीस. आधी राग आला, मग हसू आलं, आणि घरी पुनमला सांगायला बसलो तर रडू आलं. जेवण तसंच राहिलं.

पण तुझंच बरोबर आहे. ज्या फोनवर परवा तुला प्रेमराजचा आवाज ऐकू आला, त्या फोनवर माझाही आवाज कोणी काढू शकेल. तेव्हा आता केसबद्दल फोनवर चकार शब्द नको. पत्र लिही. तुझं अक्षर मी ओळखतो. ‘र’ला एवढं पोट काढणारी बाई सबंध खानदेशात दुसरी नाही.

त्या फोनवर काय काय बोलणं झालं ते सगळं लिहून पाठव. घाबरू नकोस, पण हलक्यातही घेऊ नकोस. पोलिसांच्या कागदात, अपघाताच्या वेळी डंपर ड्रायव्हर वना चालवत होता असं आहे. रुपचंदशेठचा मुलगा योगेंद्र चालवत होता, हे फक्त तू पाहिलं आहेस. कोर्टात तू ते सांगितलंस, तरच न्यायाधीशांना योगेंद्रला आरोपी करता येईल. दुसरा साक्षीदार नाही. हे तुला माहीत आहे तसं त्यांनाही माहीत आहे.

पायाचं दुखणं कसं आहे? काठी घेऊन चालतेस ना? लाजू नकोस काठीला.

तुझा,
लीलाधर


धरणगाव,
१७ जून

चि. लीलाधर,
आशीर्वाद.

बैलाचं नाव पोवळ्या. तुला त्याने एकदा गोठ्यात शिंगावर घेतलं होतं, तरी विसरलास. वकील झालास आणि मार दिलेला बैल विसरलास, कमाल आहे बुवा.

आता ऐक. दिवेलागणीची वेळ होती. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते, हात भरलेले. फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक, पुढे अधिकचं चिन्ह. कोपराने दाबून उचलला. तर म्हणे, "आई, मी प्रेमराज बोलतोय. ऐकू येतंय का?"

लीलाधर, आवाज त्याचाच. त्यात काही शंका नाही. बोलताना मध्येच श्वास घ्यायचा तसा घेतो, ‘स’ जरा दाताखाली येतो तसाच येतो. माझे हात पिठातच राहिले. मी म्हटलं, कोण? तर म्हणे, "आई, मला इथे शांती नाही. तू कोर्टात जाऊ नकोस. गाडीत कोण होतं ते मला दिसलं नाही, एवढंच सांग. मग मी सुटेन."

मी फोन टाकून दिला आणि ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बसले. मग डोक्यात आलं, अरे, हा ‘आई’ काय म्हणतो? जन्मात कधी त्याने मला आई म्हटलं नाही. माय म्हणायचा. घरात आमचं सगळं खान्देशीच. ‘मी शे वं माय’ म्हणत दारात यायचा. शुद्ध बोलायचा तो फक्त माइकवर, क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री करताना. "आणि हा चेंडू थेट सीमारेषेपार, रसिकहो!" माझा पोरगा मेल्यावर शुद्ध बोलायला लागला, काय सांगू तुला. त्या मॅचेस भरवायचं कोण? रुपचंदशेठच ना. बक्षिसं वाटायला योगेंद्रच यायचा, म्हणून तर त्या दिवशी काचेआड मी त्याला ओळखला. पोराच्या कॉमेंट्रीची सगळी रेकॉर्डिंगं त्यांच्याकडेच.

चोपड्याहून मुलगी पाहून येत होतो आम्ही. मुलीने होकार दिला होता. तो गाडी चालवता चालवता गाणं म्हणत होता. पुढचं तुला माहीत आहे.

मला भीती वाटत नाही. मेल्यांनी काय करायचं ते करावं.

तुझी,
अक्का


धुळे,
२५ जून

ती. अक्कास,

पोवळ्या! बरोबर. पाठीवर अजून वण आहे.

तुझं पत्र वाचून लगेच धरणगावला माझ्या ओळखीच्या वकिलाला पोलीस ठाण्यात पाठवलं. तिथे काय झालं ते तुला सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. साहेब म्हणाले, कलम कोणतं लावू? गेल्या जुलैत जुनी दंडसंहिता गेली, नवी आली. आकडे बदलले, शब्द पुष्कळसे तेच राहिले. निनावी धमकीचं कलम आहे, पण यात धमकी कुठे आहे? मुलगा आईला विनवतोय. शिवीगाळ नाही, अश्लील काही नाही. फोन करणारा कोण? तर मयत. साहेब हसले नाहीत, एवढंच काय ते बरं.

अक्का, हे कायदे लिहिले तेव्हा तारेच्या एका टोकाला एक माणूस होता आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. आता या टोकाला तू आहेस, आणि पलीकडे कोण आहे ते सांगता येत नाही. नंबर परदेशी दिसतो, तोही खोटा. आवाज उसना. आमच्या वकील संघाने फोनवरच्या छळाच्या कायद्यात काय बदल हवेत याच्या सूचना पाठवायला समिती नेमली आहे, तीत मी आहे. तुझं प्रकरण, नाव न घेता, मी तिथे मांडणार आहे.

तोवर दोन कामं कर. एक, नंबर बदल. दुसरं, नंबर बदलेपर्यंत फोन आलाच तर रेकॉर्ड कर. आमच्या भूमिकाने तुला ते शिकवलं होतं.

तुझा,
लीलाधर


धरणगाव,
१४ जुलै

चि. लीलाधर,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कपाशीची निंदणी चालू आहे, बाया मिळत नाहीत. आपला गडी कौतिक एकटा किती करणार?

नंबर बदलायचं म्हणतोस, ते जमणार नाही. विहिरीवरची मोटार याच नंबरने चालू-बंद होते. प्रेमराजनेच ते बसवून दिलं होतं. शिवाय गॅस याच नंबरवर, बँक याच नंबरवर. एवढं सगळं कोण बदलत बसेल?

रेकॉर्डिंगचं मी विसरले. फोन येतो तेव्हा हात कामात असतात. मध्ये आला होता. फार काही बोलला नाही, तब्येत विचारली. पाय दुखतो का म्हणाला. कोर्टाचं काही बोलला नाही, म्हणून मीही फार लक्ष दिलं नाही.

तुमची समिती काय म्हणते? सगळे वकील एका खोलीत बसवल्यावर चहा किती लागत असेल रे. कायदा होईल तेव्हा होईल. तू उगाच धुळ्याहून जीव टांगणीला लावून बसू नकोस. मी ठीक आहे. पूर्वीपेक्षा झोपही बरी लागते.

श्रावणात कानबाईच्या सणाला भूमिकाला पाठवून दे. यंदा घरात दुसरं कोणी नाही, पण नैवेद्याचे रोट तर करावेच लागतात. पोरगी असली की बरं वाटेल.

तुझी,
अक्का


धुळे,
११ ऑगस्ट

ती. अक्कास,

भूमिका काल परत आली.  मी खोदून विचारलं तेव्हा बोलली, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

ती म्हणते, कानबाईच्या संध्याकाळी आत्या रोटाचं ताट घेऊन ओट्यावर बसली. फोन वाजला तशी पदराने तोंड पुसलं आणि उचलला. मग म्हणाली, "जेवना का रे?" भूमिका दारात उभी होती. तिला पलीकडचा आवाज ऐकू आला. "मी शे, माय" म्हणाला. 

अक्का, मला एकच सांग. जूनमध्ये तो तुला ‘आई’ म्हणत होता. कॉमेंट्रीत ‘माय’ हा शब्द कुठेच नाही. मग ऑगस्टमध्ये तो ‘माय’ कसा म्हणतो? त्यांना हे कोणी शिकवलं?

मी उत्तर ओळखून आहे, पण मला ते तुझ्याकडून हवं आहे. तुला काही कल्पना आहे का, तू काय करते आहेस? पलीकडे एक भाडोत्री माणूस बसला आहे. तो यंत्रात बोलतो आणि यंत्र प्रेमराज होऊन तुझ्याशी बोलतं. तू त्याच्याशी गप्पा मारतेस! उद्या कोर्टात समोरचा वकील विचारेल, बाई, तुम्ही मेलेल्या मुलाशी बोलता, त्याला जेवलास का विचारता, मग डंपरमध्ये तुम्हाला कोण दिसलं यावर आम्ही विश्वास का ठेवावा? मी तुला काय सांगून सोडवू?

आणि हेही ऐक. बाईच्या मागे लागण्याचं जे कलम आहे, त्यात शब्द आहेत की तिने नको असल्याचं स्पष्ट दाखवलं असूनही तो मागे लागला. इतर कलमांतही पोलीस आधी हेच विचारतात. नको म्हणाली होती का? तू एकदाही नको म्हटलेलं नाहीस. कायद्याच्या दृष्टीने, अक्का, तुझा छळ झालेलाच नाही.

लीलाधर


धरणगाव,
२ सप्टेंबर

लीलाधर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी फाडणार होते.

हो, मीच शिकवलं. ऐक आता, वकीलसाहेब. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या द्यायलाच बसले होते. तो परत "आई" म्हणाला. मला त्या शब्दाचा इतका राग आला की तोंडातून निघून गेलं, "मेल्या, मन्हा पोरगा माले माय म्हणे!"  मग आवाज आला, "माय."

बस. तेवढंच. 

त्यानंतर माझ्याकडून जे झालं ते झालं. तो चुकला की मी सांगायची. असं नाही, असं म्हण. ‘आहे’ नको म्हणू, ‘शे’ म्हण. आधी माझं मलाच कळलं नाही मी काय करतेय. भाकरीला वळण द्यावं तशी मी त्याला वळण देत गेले. कपाशी कशी शे, असं विचारायलाही मीच शिकवलं. मला ठाऊक आहे तो भाडोत्री आहे. मी येडी नाही. माझ्या हातांनी प्रेमराजच्या तोंडात पाणी घातलंय मी रस्त्यावर, ते त्याला गिळता आलं नाही. तो मेला हे मला सांगायला तू लागत नाहीस.

पण दिवेलागण झाली की घर खायला उठतं रे. त्या वेळेला तो दार ढकलून यायचा. आता त्या वेळेला फोन वाजतो. कोर्टाचं तो शेवटी एकदा म्हणतोच, "मग नही जाशी ना, माय?" मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तेवढं सोडलं तर बाकी सगळं बोलणं गोड. मला त्याची वाट पाहायची सवय लागली आहे. झोप लागते म्हणून लिहिलं होतं, ती त्यामुळे.

तू म्हणतोस नको म्हण. तुझ्या कायद्याने हे लिहिलं तेव्हा कोणी विचार केला होता का, की आईला पोराच्या आवाजाला नको म्हणायला लागेल? एकदा चितेवर ठेवला. आता पुन्हा माझ्याच तोंडाने घालवू?

माझ्याकडून होणार नाही. भूमिकाला म्हणावं, आत्या रागावली नाही.

अक्का


धुळे,
१४ सप्टेंबर

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

मागचं पत्र मी वकील म्हणून लिहिलं. भाऊ म्हणून लिहायला हवं होतं. ‘तुझा छळ झालेला नाही’ हे वाक्य माझ्या हातून गेलं, त्याबद्दल तू मला पोवळ्यासारखं शिंगावर घेतलंस तरी चालेल.

समितीत मी मसुदा वाचला. "मृत व्यक्तीच्या आवाजाचा तिच्या वारसांच्या संमतीवाचून वापर करून संपर्क साधणे हा स्वतंत्र गुन्हा समजावा; तक्रारदाराने नकार दिला होता की नाही हे विचारले जाऊ नये." शेवटच्या ओळीवर वाद झाला. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, नकाराची अट काढली तर कोणीही कोणावरही तक्रार करेल. मी म्हणालो, माझ्या माहितीत एक बाई आहे, तिच्याने नकार देववत नाही. ते म्हणाले, का देववत नाही?  मी पाणी प्यायलो आणि बसलो. शेवटी सूचना जाईल, पण कायदा बदलायला वर्षं जातात. तुझी साक्ष डिसेंबरात आहे. तोवर जो कायदा आहे त्यातच आपल्याला राहायचं आहे.

साक्षीआधी फिर्याद नोंदली गेली, तर समोरच्या वकिलाला तुला वेडी ठरवता येणार नाही. तू छळलेली साक्षीदार ठरशील. त्यासाठी एकच वाक्य लागतं, रेकॉर्डवर, तुझ्या आवाजात. मी तुझ्यावर जोर करत नाही. तू नाही म्हटलंस तरी मी कोर्टात तुझ्या बाजूला उभा असेन.

(इथे एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडाकडे धरून वाचू नकोस.)

भाऊबीजेला येतो. पुनम तुझ्यासाठी लोणचं देते आहे.

तुझा,
लीलाधर


धरणगाव,
२९ ऑक्टोबर

चि. लीलाधर,
आशीर्वाद.

खोडलेली ओळ मी उजेडाकडे धरून वाचली. ‘मलाही एकदा त्याचा आवाज ऐकवशील का?’ असं होतं. खोडायची काय गरज होती? मामाच ना तू त्याचा.

म्हणून भाऊबीजेला तुला दिवेलागणीपर्यंत थांबवून ठेवलं, हे तुला तेव्हा कळलं नसेल. गाडी चुकली म्हणून तू चिडचिड करत होतास. फोन आला नाही. घरात वकील आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

भूमिकाने शिकवलं होतं तसं रेकॉर्डिंग चालू केलं. हात कोरडे करून बसले होते. तो म्हणाला, "मी शे, माय." मी विचारलं, जेवना का? तो म्हणाला, हा, जेवनू. मग कपाशीचं विचारलं. बोंडं फुटलीत म्हणून सांगितलं. ते ऐकून बरं वाटल्यासारखा हसला. हसला तोसुद्धा त्याच्यासारखाच. शेवटी म्हणाला, "मग नही जाशी ना?"

मी म्हटलं, "जासू. आते घडी घडी फोन नको करू, भाऊ. करूच नको."

 मला वाटलं, ठेवला. मग म्हणाला, "बरं, माय."

‘बरं, माय’ हेही मीच शिकवलं होतं त्याला. पोरगा वाद घालायचा नाही, बरं म्हणायचा, असं मी त्याला सांगितलं होतं एकदा. ते खोटं होतं. प्रेमराज माझ्याशी सारखा वाद घालायचा.

तेव्हापासून फोन नाही. दिवेलागणीला मी शेतात निघून जाते, कौतिक म्हणतो, अक्का, आता अंधारात काय काम? रेकॉर्डिंग चिपमध्ये घालून याच पाकिटात ठेवलंय. मी ते ऐकलेलं नाही.

तुझ्या कायद्याला जे वाक्य हवं होतं ते झालं. मला आता काही विचारू नकोस थोडे दिवस.

तुझी,
अक्का


धुळे,
१२ नोव्हेंबर

ती. अक्कास,

थोडे दिवस विचारणार नव्हतो, पण तारीख जवळ आली.

फिर्याद नोंदली गेली. रेकॉर्डिंग ऐकल्यावर साहेबांनी कलमाचं काही विचारलं नाही. तिथल्या हवालदारबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तपास कुठवर जाईल ते मला सांगता येत नाही. परदेशी नंबरामागचा माणूस सापडेल न सापडेल. पण साक्षीआधी फिर्याद झाली, हे आपलं काम झालं. तू वेडी नाहीस, हे आता कागदावर आहे.

एक अडचण मात्र आहे. तो आवाज बनावट आहे हे प्रयोगशाळेत तपासायचं, तर शेजारी प्रेमराजचा खरा आवाज ठेवावा लागतो. कॉमेंट्री चालणार नाही. ती माइकवरची आहे, शुद्ध भाषेतली आहे. त्यांना घरातलं बोलणं हवं आहे, खान्देशी, फोनवरचं असेल तर उत्तम. तुझ्याकडे असं काही आहे का? एखादा व्हॉट्सॅपचा निरोप? नसेल तर नाही म्हण, मी दुसरं बघतो.

आणि मसुद्यात तुझं एखादं वाक्य घालू का? नाव न घालता.

तुझा,
लीलाधर


धरणगाव,
२३ नोव्हेंबर

चि. लीलाधर,
अनेक आशीर्वाद.

प्रेमराजचं वर्षश्राद्ध परवा झालं. चोपड्याची ती मुलगीही येऊन गेली, आईबरोबर. तिचं दुसरीकडे जमलंय. मी तिला साडी दिली.

आवाज आहे माझ्याकडे. एकच आहे. त्या दसऱ्याला तो वरणगावला मॅचला गेला होता आणि मी आपली फोनवर फोन करत होते, जेवलास का, निघालास का. फोन उचलेना, म्हणून त्याने निरोप पाठवला होता. त्याच्या जाण्यानंतर मी तो रोज ऐकायची. जूनपासून ऐकायचा सोडला. खोटा का होईना, रोज नवं बोलणारा आवाज मिळाला होता ना.

तुझं पत्र आलं तेव्हा तो शोधला. मग मनात आलं, आधी फोनमध्ये राहिलेलं ते दिवाळीतलं रेकॉर्डिंग ऐकू, नंतर हा. दोन्ही ऐकले. लीलाधर, मला ओळखता येईना. इकडेही माय, तिकडेही माय. इकडेही शे, तिकडेही शे. पहिल्यांदा जो एक फरक होता, जो मला पिठाच्या हातांनीसुद्धा कळला होता, तो मीच पुसून टाकलेला. पोटच्या पोराचा आवाज मला कळत नव्हता. मी देव्हाऱ्यासमोर बसून रडले. एवढी तर मी त्याला अग्नी दिला त्या दिवशीही रडले नव्हते.

मग परत ऐकला, परत ऐकला. आणि कळलं.

तो निरोप असा आहे. "माय, घडी घडी फोन नको करू ना! येस ना मी!"

येतोय ना म्हणत वैतागलाय तो. चांगलाच वैतागलाय, मागे कोणीतरी हसतंय, आणि हा ओरडतोय माझ्यावर. तो भाडोत्री माझ्यावर एकदाही वैतागला नाही. सदा गोड. मी पाच महिने त्याला एवढं शिकवलं, पण माझ्यावर ओरडायला शिकवलं नाही. ते कोण शिकवणार?

आणि बघ, नको म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडी त्याचंच वाक्य आलं होतं. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मसुद्यात माझं काय घालतोस? ‘मृत व्यक्तीचा आवाज’ असं लिहिलंयस, तिथे ‘तिच्या माणसांचाही’ एवढं जोड. त्यांनी आवाज त्याचा वापरला, पण नेला माझा.

तारखेला मी येते. काठी घेऊन येते. योगेंद्रच्या अंगावर त्या दिवशी कुठल्या रंगाचा शर्ट होता तेसुद्धा सांगेन. आणि त्यांच्या वकिलाने विचारलं, मेलेल्या पोराशी बोलत होतात का, तर हो म्हणेन.

हा फोन कौतिकबरोबर पाठवतेय, एसटीने येईल तो सकाळी. निरोप त्यातच आहे, दुसरीकडे उतरवून घे, भूमिकाला सांग काळजीपूर्वक कर. आणि तूही एकदा ऐक. तुझी ती खोडलेली ओळ मी विसरले नाही. ऐकून झालं की फोन त्याच दिवशी कौतिकच्या हाती परत दे. मोटार मी हाताने चालू करेन एक दिवस, पण तो फोन मला संध्याकाळी घरात लागतो.

तुझी,
अक्का